दाराबाहेरचा घटक

बाळंतपण कुठे व्हावं हा सर्वस्वी त्या स्त्रीचा निर्णय आहे. तो तिच्या वतीने पती, पिता, सासू अथवा शासन यांपैकी कुणालाही घेता येणार नाही. राज्याच्या मातृत्व धोरणाचं हे पहिलं कलम. मोहपट्टणच्या चौकात ते संगमरवरावर कोरून लावलं आहे. ती शिळा ज्यांनी पुढाकार घेऊन बसवली, त्या मिलिंद तोडकरांनी आपल्या मुलीचं बाळंतपण कुठे होणार हे ती दुसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

येसा नदीने मोहपट्टणचे दोन भाग केले आहेत. डाव्या काठावर तोडकर राहतात, उजव्या काठावर त्यांचे व्याही बेडगे. दोन काठांमध्ये पूल एकच आणि दोन्ही काठांचं एकमेकांविषयीचं मतही एकच. उजव्या काठावर एक मोठं रुग्णालय आहे. त्याच्या दर्शनी भागाला इतकी काच आहे की लोक त्याला 'काचेचं' म्हणतात. डाव्या काठावरचं रुग्णालय लोकांनी श्रमदानाने उभं केलं. गवंड्यांनी भिंती घातल्या, सुतारांनी दारं दिली, आणि मोटार-पंपांचं दुकान चालवणाऱ्या तोडकरांनी वरच्या टाकीपर्यंत पाणी पोचवलं. त्याला डावा काठ 'आपलं' म्हणतो. उजवा काठही 'आपलं'च म्हणतो, फक्त म्हणताना ओठ जरा वाकडे करतो.

'आपलं' व्हावं हा ध्यास तोडकरांचा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. त्यांची मुलगी शर्वरी जन्मली तेव्हा पूल पाण्याखाली होता आणि डाव्या काठावर साधा दवाखानाही नव्हता. उंचावरची कोरडी जागा म्हणजे तहसील कचेरी. तिथल्या मतदानयंत्रं ठेवायच्या खोलीत तिचा जन्म झाला. अप्पांना करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी दाराबाहेर उभं राहून मोठ्याने धीर दिला. मायलेकी सुखरूप सुटल्या. अप्पांनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. डाव्या काठाला स्वतःचं रुग्णालय पाहिजे, हा पहिला. दाराबाहेरून धीर दिल्याचा उपयोग होतो, हा दुसरा. पहिल्याला सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्याला विरोध करण्याइतकं महत्त्व कुणी दिलं नाही.

तेव्हापासून 'आपल्या'त कुणाच्याही कळा सुरू झाल्या की अप्पा चहाचा थर्मास घेऊन लेबर रूमबाहेरच्या बाकावर हजर. "घाबरू नको गं पोरी, मी आहे इथे!" हे आत. "काय मॅडम, कुठवर आलं?" हे बाहेर येणाऱ्या डॉक्टर नसरीन मुजावरांना. "तुम्ही म्हणाल तसं, आमचं काही म्हणणं नाही. पण रिस्क नको." तोवर गप्प बसलेले नातेवाईकही मग उठून उभे राहत आणि म्हणत, खरंच मॅडम, रिस्क नको. अप्पा सगळ्यांचेच अप्पा असल्यामुळे हे अनेक वर्षं चाललं.

मग छाया आली.

सरकारी नाव 'प्रतिमाता संगणन प्रणाली'. ते उच्चारायला वेळ लागतो म्हणून लोक 'छाया काढली का?' असं विचारतात. यात गूढ काही नाही. बाईच्या पोटावर काही दिवस एक पट्टा बांधतात. कंबरेची हाडं किती रुंद, बाळाचं डोकं केवढं, गर्भाशयाचे स्नायू कितपत जोर धरतात, हे त्यावरून कळतं. आणि त्या मापांची एक आकड्यांची बाई संगणकात तयार होते. ती अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी म्हणजे रुग्णालयाचीही तशीच छाया काढलेली असते. तिथे घंटा वाजवल्यावर सिस्टर किती वेळात येते, डॉक्टर कुठल्या क्षणी सुरी हातात घेतात, दारं किती वेळा उघडतात, बाहेर गलका किती, हे सगळं तिथल्या आजवरच्या हजारो प्रसूतींवरून संगणक शिकतो. मग या बाईला त्या रुग्णालयात बाळंत करतात. एकदा नाही, हजारो वेळा, दर वेळी किंचित फरक करून. पावसाचा अंदाज असाच काढतात: तेच आभाळ पुन्हापुन्हा बरसवून बघायचं आणि बहुतेक वेळा काय झालं ते सांगायचं. फरक एवढाच की पावसाचा अंदाज चुकला तर लोक हसतात.

छाया आल्यापासून सोयरिकी जुळवताना मंगळाची चौकशी कमी झाली. मुलीच्या माहेरी रुग्णालय कुठलं आणि त्याची छाया काय म्हणते, ही वाढली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत मात्र तशीच राहिली. विज्ञानाने तिला हात लावायचं धाडस केलं नाही.

शर्वरी पाणीपुरवठा खात्यात नळांची गळती शोधते. लग्नानंतर ती पूल ओलांडून उजव्या काठावर बेडग्यांकडे गेली आणि सातव्या महिन्यात छायेचा निकाल ऐकायला पूल ओलांडून अलीकडे आली. डॉक्टर मुजावरांच्या खोलीत ती, तिचा नवरा निहार, आई उज्ज्वला आणि अप्पा असे सगळे बसले. अप्पा निकाल लागायच्या आधीच पेढे घेऊन आले होते.

"काचेच्यात," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "शंभरातल्या एकतीस वेळा सिझर होतंय."

"बघा!" अप्पा निहारकडे वळले. "काच नुसती."

"आपल्यात अठ्ठावन्न."

अप्पांनी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. "मशीन उजव्या काठाचं आहे का?"

"राज्याचं आहे, अप्पा."

"राज्य कुठल्या काठावरून चालतं ते माहीत आहे मला."

"ऐकून तरी घ्या. छाया कारणंही सांगते. तुमच्या मुलीची तब्येत उत्तम. बाळ उत्तम. आपल्या सिस्टर, आपली साधनं, सगळं उत्तम." डॉक्टरांनी पडदा खाली सरकवला. "फक्त एक अनामिक घटक आहे. स्थान, लेबर रूमच्या दाराबाहेर. तो असला की सिझर वाढतात. तो वजा केला तर आपल्यात शंभरातल्या एकोणीसच वेळा सिझर होईल. जिल्ह्यात सगळ्यात कमी."

"अनामिक म्हणजे?" शर्वरीने विचारलं.

"माणसांची नावं यंत्रणेला कळू द्यायची नाहीत, असा कायदा आहे. त्यामुळे काय आहे ते ती सांगत नाही. आहे एवढंच सांगते."

"म्हणजे माणूसच असेल असं नाही," अप्पा म्हणाले.

"असं नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

निहारने घसा साफ केला. "अप्पा, मग काचेचंच ठरवू या ना. राग मानू नका."

"राग कसला? जावई तुम्ही." अप्पांचा चेहरा मात्र टाकी कोरडी पडल्यासारखा झाला होता. ज्या इमारतीसाठी त्यांनी खांद्यावरून पाइप वाहिले, तिथे स्वतःची लेक सोडून बाकी सगळ्यांच्या लेकी बाळंत होणार होत्या. "शर्वू, तुझं काय म्हणणं?"

"मला मुजावर मॅडमच हव्यात," शर्वरी म्हणाली. "पण उगीच पोट फाडून घ्यायचं नाही मला. नवव्या महिन्यातल्या डोहाळजेवणापर्यंत तो घटक सापडला आणि गेला, तर इथे. नाही सापडला तर पलीकडे. मग रुसायचं नाही."

"सापडलाच म्हणून समज," अप्पा म्हणाले. "मी स्वतः लक्ष घालतो."

डॉक्टर मुजावरांनी डोळे मिटले.

अप्पांनी समिती नेमली. मोहपट्टणच्या डाव्या काठावर यापेक्षा वेगळं काही होत नाही. समितीने दाराबाहेरच्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला. पाण्याचा कूलर घुरघुरतो म्हणून काढला. वास्तूचे जाणकार आले. दार दक्षिणेला आहे, असं त्यांनी सांगितलं. दार हलवता येईना म्हणून दक्षिणेकडे आरसा लावला. एक मांजर बऱ्याच काळापासून तिथे वावरत होतं, त्याला सन्मानाने शाळेत सोडून आले. छाया दर आठवड्याला नवी माहिती घेऊन पुन्हा हिशेब करते. प्रत्येक हिशेबात घटक जागच्या जागी. मग अप्पांची नजर बाकावर गेली. बाक उचलून जिन्याजवळ ठेवला. पुढच्या हिशेबात घटकही जिन्याजवळ सरकला होता.

"म्हणजे बाकच!" अप्पांनी टेबलावर थाप मारली. बाक मोडीत काढून नवा आणला. घटकाला नवा बाकही आवडला.

अखेर अप्पांनी निर्वाणीचा उपाय केला. घटकाला रंगेहाथ पकडायचं, म्हणून ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः दाराबाहेर पहारा देत बसले. त्या आठवड्यात घटकाने आजवरचा उच्चांक गाठला.

शर्वरी तपासणीला आली तेव्हा खोलीत फक्त डॉक्टर होत्या.

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे ना काय आहे ते?"

"मी भूलतज्ज्ञ नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "न दुखवता करायचं काम मला येत नाही." त्यांनी तिच्या पोटावरचा पट्टा सरळ केला. "नाव नको विचारूस. का होतं ते सांगते. कळा चालू राहायला शरीरात एक रस लागतो. बाईला सुरक्षित वाटलं तर तो पाझरतो. भीती वाटली की दुसरा रस चढतो, धावायचा, आणि तो पहिल्याला दाबून टाकतो. हरणी वाघ दिसल्यावर बाळंत होत नाही, कळा थांबवून पळते. आपलं शरीर अजून तिथेच आहे. बाहेर कुणी कळवळून 'घाबरू नको' म्हणालं की शरीर विचारतं, का, घाबरण्यासारखं काय आहे? कळा मंदावतात. मग बाहेरचा माणूस मला विचारतो, एवढा वेळ का? मीही माणूसच आहे. पुन्हापुन्हा 'रिस्क नको' ऐकलं की हात लवकर सुरीकडे जातो. तो दोष माझा. पण छाया तो त्या घटकाच्या नावावर मांडते."

शर्वरी म्हणाली, "अरे देवा. आणि ते समितीचे अध्यक्ष आहेत."

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी अप्पा जेवायला बसले तेव्हा हरल्यासारखे दिसत होते. उज्ज्वला तव्यावर भाकरी भाजत होती.

"उद्या तुझ्या सासऱ्यांना सांगावं लागेल, काचेच्यात नाव घाला म्हणून," अप्पा म्हणाले. "सगळं काढून बघितलं. आता भिंतच राहिली."

"अप्पा, आम्ही गळती शोधतो तेव्हा काय करतो माहीत आहे? रस्ता खणत नाही सुटत. एकेक व्हॉल्व्ह बंद करून बघतो. कुठला बंद असताना गळती थांबते, ते बघायचं."

"बरं मग?"

"तुमचा घटक दिवाळीनंतर काही दिवस गायब होता. जुन्या हिशेबात दिसतंय. त्या दिवसांत तिथे काय बंद होतं?"

अप्पांच्या अंगात पुन्हा जीव आला. त्यांनी घास हातात धरून विचार केला. "दिवाळीनंतर... कूलर चालू होता. जुना बाक होता. मांजर होतं, नव्हे, पिल्लं झाली होती त्याला. काही बंद नव्हतं गं. आणि मला तरी खालचं काय माहीत? मी तेव्हा हर्नियाला पडलो होतो ना, वरच्या मजल्यावर. खाली मी नव्हतोच."

उज्ज्वलाने भाकरी उलटली.

"खाली मी नव्हतो," अप्पा पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश. घास ताटात परत गेला.

काही वेळाने त्यांनी विचारलं, "इतक्या बायका. एकीनेही सांगितलं नाही?"

"तुम्ही ऐकायला थांबलात कधी?" उज्ज्वला म्हणाली. "धीर देण्यात गुंतलेले होतात."

"तुला तरी बरं वाटलं होतं ना? हिच्या वेळी?"

"अहो, बाहेर पूर होता, आत मतदानयंत्रं होती, तरी मी शांत पडले होते. मग तुम्ही दाराबाहेरून ओरडलात, घाबरू नकोस म्हणून. तोवर मी घाबरले नव्हते."

शर्वरीला हसू आलं आणि ते आवरताना रडूही आलं. तिने अप्पांच्या ताटात भाकरीचा पापुद्रा वाढला. "अप्पा, इमारत तुमचीच आहे हो. फक्त त्या दिवशी तिच्यात नका येऊ."

अप्पा जेवले नाहीत. सकाळी दुकानाचं शटर न उघडता ते सरळ डॉक्टर मुजावरांकडे गेले. डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. अनेक वर्षं टाळलेलं बोलणं आज टळणार नव्हतं.

"मॅडम, एकच विचारतो. खरं सांगा."

"विचारा, अप्पा."

"सबंध जिल्ह्यात एवढा मोठा घटक दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात आहे?"

डॉक्टरांनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. त्यांनी पडद्यावर शोधलं. "कुठेच नाही. एका ठिकाणी जनरेटर आहे, पण त्याचा परिणाम तुमच्या निम्माही नाही."

"एका माणसाचा एवढा परिणाम?"

"हो. एकट्याचा."

अप्पांनी जाकिटाचं वरचं बटण लावलं. दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळलं, ते त्यांच्याच तोंडून. 'चाळीसेक सिझर इकडची तिकडे करतो मी शंभरात, नुसता बाकावर बसून.' पेठेनेही ते अभिमानाने ऐकलं. काचेच्यात काय, यंत्रं आहेत. आपल्याकडे माणूस आहे. मांजराला शाळेतून सन्मानाने परत आणलं गेलं.

डोहाळजेवणात शर्वरीने सगळ्यांसमोर सांगितलं, बाळंतपण 'आपल्या'त. सासरे प्रकाश बेडगे हसून म्हणाले, "मुलगी तुमची, निर्णय तिचा, रीत माहेरची. आमचं काय, आम्ही ओटीला नारळ आणलाय." काचेच्याच्या विश्वस्त मंडळावर असलेल्या माणसाने एवढं म्हणणं हे मोठं मन समजलं गेलं, आणि तशी नोंद त्यांनी स्वतःच दोन-तीनदा करून दिली.

अप्पांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. छायेत त्यांना घरी बसवून बघितलं. घटक फोनवरून पोचत होता. दुकानात बसवलं, दुकान रुग्णालयासमोरच. शेवटी फोन काढून घेऊन नदीपलीकडे पाठवलं, तेव्हा आकडा खाली आला. निहारला आत बसवूनही बघितलं. नवऱ्याचा परिणाम शून्य निघाला. निहारने ते कौतुक म्हणून घेतलं.

कळा सुरू झाल्या त्या एका कोरड्या, लख्ख सकाळी. अप्पांनी फोन उज्ज्वलाच्या हातात दिला. दाराशी शर्वरी गाडीत बसत होती. तिला काय सांगावं हे त्यांना कळेना. जे सांगायची सवय होती ते ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"जेवून घे," ते म्हणाले, आणि पुलाकडे चालू लागले.

बेडग्यांकडे चहा झाला, पोहे झाले. अप्पांचे पाय काही घरात टिकेनात. फिरून येऊ म्हणून दोघे व्याही बाहेर पडले आणि अप्पा नेमके काचेच्याच्या दारात जाऊन थांबले. तिथल्या लेबर रूमबाहेर बाक नव्हता, सोफा होता. अप्पा त्यावर बसले.

"अप्पासाहेब, इथे नको," बेडगे दबक्या आवाजात म्हणाले. "खाली कॅन्टीनला बसू. इडली चांगली मिळते."

"मी काही बोलत नाही. माझा इथे काय संबंध?"

आतून एक किंचाळी आली. समोर एक तरुण नवरा नखं खात उभा होता. अप्पांनी सोफ्याची कड घट्ट धरली. ती काही काळ पुरली.

"घाबरू नको गं पोरी!" त्यांचा आवाज काचेवर आदळून परत आला. "मी आहे इथे!"

बेडग्यांनी कपाळाला हात लावला. दार उघडून एक तरुण डॉक्टर बाहेर आले. अप्पा उभे राहिले. "काय डॉक्टर, कुठवर आलं? तुम्ही म्हणाल तसं. पण रिस्क नको."

"आपण पेशंटचे कोण?"

अप्पांनी जरा विचार केला. "तसा कोणी नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

अप्पांनी त्यानंतरही कर्तव्यात कसूर केली नाही. सोफ्यावर नवीन नातेवाईक येत होते, जात होते. प्रत्येकाला त्यांनी धीर दिला, प्रत्येक दाराला आवाज दिला. बेडगे विश्वस्त असल्यामुळे मध्येमध्ये खांबाआड उभे राहत.

दुपार कलली तेव्हा बेडग्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी अप्पांना मिठीच मारली. "मुलगी! नॉर्मल! दोघी मजेत. मुजावर मॅडम म्हणतायत, शर्वरी शेवटपर्यंत एकदाही घाबरली नाही."

अप्पा खाली बसले. धोतराची सवय नसलेल्या पिढीतले असल्यामुळे त्यांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. मग उठून त्यांनी सोफ्यावरच्या सगळ्यांना, लिफ्टवाल्याला आणि काचेपलीकडच्या रिसेप्शनिस्टला सांगितलं, "माझी नात. आपल्यात झाली. मी नव्हतो म्हणून झाली!" इतर आजोबा आपण हजर होतो हे ज्या ताठ मानेने सांगतात, त्याच मानेने ते सांगत होते.

निघताना ते पुलावर थांबले आणि व्याह्यांचा हात हातात घेतला. आवाजात मोठ्या माणसाची खंत होती.

"बेडगेसाहेब, आज दिवसभर मी तुमच्याकडे बसलो. तुमच्या आकड्यांवर परिणाम होणार. राग मानू नका. माझा इलाज नाही."

"छे, छे," बेडगे म्हणाले. "घरचे आहात तुम्ही."

त्या दिवशी काचेच्या रुग्णालयात तीन बायका बाळंत झाल्या. तिघीही नॉर्मल.